पट क्रमांक 19

पहाटे 5:30

आषाढी एकादशी झाली की पिरनवाडी-मच्छे भागातली मंगल कार्यालयं ओस पडतात. चातुर्मासात लग्नं नसतात, त्यामुळं भाडं उतरतं, आणि बुद्धिबळाच्या स्पर्धांना परवडणारी जागा मिळते. आजची एकदिवसीय स्पर्धा खानापूर रस्त्यालगतच्या अशाच एका कार्यालयात आहे. मी मुख्य पंच. सोमवार ते शनिवार उद्यमबागेतल्या एका कारखान्यात तपासणीचं काम करतो. लेथवरून उतरलेला जॉब घ्यायचा, मायक्रोमीटर लावायचा, बसला तर पास, नाहीतर बाजूला. रविवारी हे दुसरं काम, आणि खरं सांगायचं तर आठवडाभर मी या रविवारची वाट बघत असतो.

उठल्यावर पहिलं काम घड्याळांचं. काल रात्री सगळी चालू करून ठेवली होती. आता कुणाचा आकडा फिका पडलाय का ते बघतो. दोन घड्याळांचे पेन्सिल सेल बदलले. पिशवीत जादा सेल, जादा वजीर (प्यादं शेवटच्या घरात पोचलं की दुसरा वजीर लागतो, आणि तो हाताशी नसला की पोरं हत्ती उलटा ठेवून त्याला वजीर म्हणतात, नियमानं तो हत्तीच धरला जातो), निकालाच्या चिठ्ठ्या, जागतिक बुद्धिबळ संघटनेचे नियम छापलेली वही. वही पाठ आहे, तरीही नेतो. पालकांशी बोलताना कागद उघडून दाखवलेला बरा असतो.

7:00

बाहेर जांबोटीच्या बाजूनं आलेला पाऊस. पिरनवाडीत रस्ता फुटतो: एक खानापूरकडं, दुसरा जांबोटी-चोर्ला घाटातून गोव्याकडं. आजचे निम्मे खेळाडू या दोन रस्त्यांनीच यायचे, म्हणून सकाळपासून फोन चालू आहेत. “सर, घाटात धुकं आहे, दहा मिनिटं उशीर चालेल?” चालेल. पहिल्या फेरीला उशिराची सवलत किती द्यायची ते स्पर्धेच्या नियमावलीत आधीच लिहिलेलं असतं. ती मी अर्ध्या तासाची ठेवायला लावली होती ती याच घाटासाठी.

हॉलमध्ये टेबलं लागलीत. मांडामांड करणारी कॉलेजची पोरं उत्साही, पण चार-पाच पट आडवे मांडलेले. प्रत्येक खेळाडूच्या उजव्या हाताला कोपऱ्यातलं घर पांढरं आलं पाहिजे, आणि वजीर आपल्या रंगाच्या घरात. एकेक पट बघत जातो. मग घड्याळं, प्रत्येकी 15 मिनिटं आणि दर चालीला 5 सेकंद जादा. घड्याळ पटाच्या कुठल्या बाजूला ठेवायचं हे पंचानं ठरवायचं असतं. मी सगळी एकाच बाजूला लावून घेतो, म्हणजे मधल्या वाटेनं चालताना दोन्ही रांगांचे आकडे मला दिसतात. चाळीसच्या वर पट आणि तीन पंच असताना ही एवढी सोय फार उपयोगी पडते.

8:15

नोंदणीच्या टेबलावर झुंबड. खानापूर, निपाणी, चंदगड, गडहिंग्लज, धारवाड, हुबळी, आणि घाट चढून आलेले गोवेकर. गोव्याची पोरं तयारीची असतात. 2025 च्या नोव्हेंबरात विश्वचषक स्पर्धा गोव्यात झाली, 206 खेळाडू जगभरातून आले, आणि शेवटी उझबेकिस्तानचा जावोखिर सिंदारोव करंडक घेऊन गेला. आमच्याकडची काही घरं त्या दिवसांत पोरांना घेऊन चोर्ल्यातून खाली उतरली होती. ज्यांची चित्रं मोबाइलवर बघितली ते खेळाडू काचेपलीकडं बसलेले बघून आलेल्या पोरांच्या बसण्यातसुद्धा फरक पडलाय. पट मांडला की उगाच मोहरे हाताळत नाहीत, समोरच्याशी हात मिळवतात, गप्प बसतात.

नोंदणी बंद केली तेव्हा 84 नावं झाली. सर्वांत लहान पहिलीतला, सर्वांत वडील निपाणीचे एक निवृत्त शिक्षक. बहुतेकांना आंतरराष्ट्रीय मानांकन नाही. पूर्वी ते हजारापासून मिळायचं. मार्च 2024 पासून किमान मानांकन 1400 केलंय, म्हणजे यादीत नाव लागायलाच बरंच खेळावं लागतं. आजची स्पर्धा मानांकनाची नाहीच. इथं आलेल्यांना त्याची फिकीर दिसत नाही.

9:15

सूचना आधी मराठीत, मग कन्नडमध्ये. माझं कन्नड कारखान्यात शिकलेलं आहे, नियम सांगायला पुरतं. हात लावलेला मोहरा हलवायचा. नीट ठेवायचा असेल तर आधी तसं बोलायचं, मग हात लावायचा. चाल एका हातानं, आणि त्याच हातानं घड्याळ. मोबाइल वाजला की डाव गेला. नियमबाह्य चाल करून घड्याळ दाबलं तर पहिल्या वेळी समोरच्याला दोन मिनिटं जादा, दुसऱ्या वेळी डाव हरला. पालकांनी बाहेर थांबायचं. हे शेवटचं वाक्य मी प्रत्येक भाषेत दोनदा म्हणतो.

9:30

पहिली फेरी. स्विस पद्धतीत यादी मधोमध कापतात, वरच्या अर्ध्यातला पहिला खालच्या अर्ध्यातल्या पहिल्याशी. मग प्रत्येक फेरीला ज्यांचे गुण सारखे त्यांच्यात जोड्या. 1895 मध्ये झुरिकला ही पद्धत पहिल्यांदा वापरली गेली, म्हणून तिला स्विस म्हणतात. तिच्यातली मला आवडणारी गोष्ट अशी की हरलेल्याला कुणी घरी पाठवत नाही. पहिला डाव हरलेला माणूसही सातवी फेरी खेळूनच जातो, आणि जसजशा फेऱ्या होतात तसतसा तो आपल्याच ताकदीच्या माणसासमोर जाऊन बसतो. म्हणून शेवटच्या फेरीतले सर्वांत चुरशीचे डाव बऱ्याचदा मधल्या टेबलांवर असतात. गर्दी मात्र पहिल्या टेबलाभोवती असते.

दहाव्या मिनिटाला पहिला हात वर. “सर, ह्यानं आधी हत्तीला हात लावलाय की.” सातवी-आठवीतली दोन पोरं. पांढऱ्याला कॅसलिंग करायचं होतं, त्यानं आधी हत्ती उचलला, मग राजा. कॅसलिंगला पहिला हात राजाला लागला पाहिजे. तसा लागला नाही, तर त्या चालीला त्या बाजूचं कॅसलिंग नाही, हत्तीच हलवायचा. पोरगा कबूल झाला, पण डोळ्यांत पाणी. मी त्याच्या शेजारी खाली बसलो आणि हळू आवाजात एवढंच सांगितलं की पुढच्या चालीला कॅसलिंगची परवानगी गेलीच, कारण हत्ती हलला. पण दुसऱ्या बाजूची शिल्लक आहे. त्याला हे माहीत नव्हतं. पुढं काय झालं ते बघायला थांबता आलं नाही, पलीकडं दुसरा हात वर गेला होता.

पंचानं डावात सल्ला द्यायचा नाही, पण नियम समजावून सांगायचा. या दोहोंमधली रेघ पोरांच्या स्पर्धेत सांभाळावी लागते.

11:30

तिसरी फेरी सुरू. एका पालकाला हॉलच्या दारातून बाहेर काढावं लागलं. ते खुणा करत नव्हते, नुसते बघत होते, पण पोरगा दर चालीनंतर त्यांच्याकडं बघत होता. बाहेर नेल्यावर पोरगा स्वतःच्या डोक्यानं खेळायला लागला.

याच फेरीत मला तो माणूस पहिल्यांदा नीट दिसला. पन्नाशीचा, उद्यमबागेतल्याच एका फाउंड्रीत मोल्डिंगला. वाळूचे साचे भरून भरून बोटं जाड झालेली, नखांच्या कडा काळ्या, कितीही घासल्या तरी तशाच राहणाऱ्या. शनिवारी दुसरी पाळी करून रात्री उशिरा घरी पोचला आणि सकाळी आठला रांगेत उभा होता. मोहरा उचलताना तो दोन बोटांनी उचलतो आणि ठेवताना घराच्या बरोबर मध्यभागी ठेवतो. खेळ शिकला तो घरी, आजोबांकडून, देशी पद्धतीनं. त्या पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं, कॅसलिंग नसतं, त्याऐवजी राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. अखिल भारतीय महासंघ 1951 ला स्थापन झाला, 1955 ला एलुरूत पहिली राष्ट्रीय स्पर्धा होऊन रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या संयुक्त विजेते झाले, तेव्हा आंतरराष्ट्रीय नियम रुजायला लागले होते. पण गावोगाव देशी डाव त्यानंतरही बरीच वर्षं चालला. आजोबांनी नातवाला तोच दिला. नवे नियम त्यानं नंतर कारखान्यातल्या दोस्तांकडून घेतले. तरी त्याच्या खेळात जुनी सवय दिसते: प्यादी तो एकेक घरच पुढं काढतो, दोन घरं क्वचित. त्यामुळं सुरुवातीला त्याची जागा आवळली जाते, आणि मग तो तासून तासून बाहेर पडतो.

चहाच्या वेळी मी विचारलं, “कसं चाललंय?”

“एक जिंकलो, दोन हरलो. बघू की सर, दिवस आहे अजून.”

1:15

चार फेऱ्या झाल्या. जेवणात मसालेभात, कोशिंबीर, ताक. पोरं पाच मिनिटांत जेवून पुन्हा पटावर. थोरली माणसं जरा टेकली.

निपाणीचे शिक्षक सांगत होते. त्यांच्या तरुणपणी बुद्धिबळ खेळायचं म्हणजे उन्हाळ्यात सांगलीला जायचं. भाऊसाहेब पडसलगीकरांनी 1941 ला नूतन बुद्धिबळ मंडळ काढलं आणि सांगली हे या सगळ्या टापूचं गुरुघर झालं; सीमाभागातली पोरं मिळेल त्या गाडीनं तिकडं जायची. तिथं जोड्या हातानं लावल्या जायच्या. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड, त्यावर कुणाशी खेळला, कुठला रंग मिळाला, किती गुण. फेरी संपली की पंच कार्डं पत्त्यांसारखी मांडत बसायचे आणि खेळाडू दाराबाहेर ताटकळायचे. आता ते काम संगणक काही सेकंदांत करतो. तरीही मी छापील जोड्या लावण्याआधी वरून खाली एकदा वाचतो. कुणाला सलग तिसऱ्यांदा काळे तर आले नाहीत ना, दोन भाऊ समोरासमोर तर बसले नाहीत ना.

बोलता बोलता मुलींचा विषय निघाला. आज 84 मध्ये 23 मुली आहेत. शिक्षकांनी खाडिलकर भगिनींची आठवण काढली. 1974 ला महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा बेंगळुरूत झाली ती वासंतीनं जिंकली. 1976 ला रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला उतरली तेव्हा केवढा गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं, आणि जागतिक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना निर्णय द्यावा लागला की स्त्रियांना कुठल्याही राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळण्यापासून अडवता येणार नाही. त्याला पन्नास वर्षं होत आली. जुलै 2025 मध्ये नागपूरची दिव्या देशमुख बातुमीत महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, आणि आमच्या भागात पुढच्या स्पर्धांना मुलींच्या नावांची रांग वाढली. आज समोर मुलगी आहे की मुलगा हे जोड्यांच्या कागदावर कुणी बघतसुद्धा नाही. युव्यांच्या त्या निर्णयामुळं हे इतकं साधं होऊन गेलंय.

2:40

पाचव्या फेरीच्या मध्यात वीज गेली. बाहेर काळोख करून आलेला पाऊस, आत एकदम अंधार, पण घड्याळं सेलवर चालतात, ती काही थांबत नाहीत. “सगळ्यांनी घड्याळं थांबवा, हात खाली!” मी दोन्ही भाषांत ओरडलो. असा अडथळा आला तर पंचाला घड्याळं थांबवता येतात. आम्ही तिघे मोबाइलच्या उजेडात रांगेनं फिरलो, ज्यांचं थांबलं नव्हतं त्यांचं थांबवलं, दोन पटांवर वेळ परत लावून दिली. जनरेटर सुरू व्हायला सहा-सात मिनिटं गेली. एवढ्या वेळात कुणीही मोहऱ्याला हात लावला नाही. पहिलीतला तो छोटा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता.

4:30

सातवी, शेवटची फेरी. जोड्या भिंतीवर. गर्दी पटकन पहिल्या चार टेबलांभोवती गेली, तिथं चषक ठरायचे होते. माझ्या सहकाऱ्याला मी तिकडं उभं केलं आणि मधल्या रांगांत राहिलो.

पट क्रमांक 19. पांढरे मोहरे मोल्डरकडं, काळे खानापूर तालुक्यातल्या आठवीतल्या मुलीकडं. दोघांचे सहा डावांत तीन-तीन गुण. या डावावर एकही बक्षीस अवलंबून नव्हतं. जिंकणारा चार गुणांवर जाऊन यादीत कुठंतरी वरच्या मधल्या भागात बसला असता, एवढंच.

दोघांनी हात मिळवले, तिनं घड्याळ दाबलं.

पहिल्या वीस चाली मी जाता-येता बघितल्या. त्याची प्यादी नेहमीसारखी एकेक घर पुढं; तिनं मध्यभाग घेतला, घोडे चांगले बसवले. मग तिनं घाई केली. एक उंट लवकर बदलला, त्याच्या वजिराला वाट मिळाली, आणि वजीर-वजीर मारामारी होऊन तिचं एक प्यादं गेलं. तीसेक चालींनी पटावर दोघांचे हत्ती आणि थोडी प्यादी उरली होती. त्याच्याकडं एक जास्त.

तेव्हाची गोष्ट. त्यानं हात पुढं केला आणि सी-2 वरचं प्यादं दोन बोटांत धरलं. धरून थांबला. मान तिरकी करून पटाच्या दुसऱ्या बाजूला बघितलं, आणि प्यादं सोडून हात मागं घेतला. त्याच्या डोक्यात दुसरी चाल आली होती, हत्तीची, आणि ती बरी होती. मुलीचं लक्ष घड्याळाकडं होतं. तिला काही दिसलं नाही. मी दोन टेबलं पलीकडं होतो, मला दिसलं. हात लावलेला मोहरा हलवावा लागतो, आणि पंचानं बघितलं तर कुणी तक्रार करायची वाट बघायची नसते. मी वाटेत निघालो.

मी पोचायच्या आत त्यानं हात परत पुढं नेला आणि तेच प्यादं सी-3 वर ठेवलं. एकच घर. घराच्या मध्यभागी. घड्याळ दाबलं. माझ्याकडं बघितलंही नाही. मी येतोय हे त्याला ठाऊक नसावं. आठवडाभर मापं घेणारा माणूस मी, आणि असं काही दिसलं की मला अतिशय आनंद होतो. मी तसाच पुढं चालत राहिलो, जणू पलीकडच्या टेबलाकडंच निघालो होतो.

4:55

पहिल्या टेबलांचे निकाल लागले, टाळ्या झाल्या, आणि बघणाऱ्यांना कळलं की 19 वर अजून खेळ चाललाय. गर्दी इकडं सरकली. मी सगळ्यांना दोन पावलं मागं लोटलं. “बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही.”

बाकीची प्यादी एकमेकांना खाऊन संपली होती. पांढरा राजा सी-4 वर, त्याच्या पाठीशी सी-3 वर ते प्यादं, हत्ती वर सी-8 वर. काळा राजा बी-6 वर, काळा हत्ती जी-6 वर. चाल मुलीची. तिच्या घड्याळात मिनिटभर, त्याच्या घड्याळात थोडं जास्त. हत्ती सी-8 वर आणण्यामागं त्याचा हिशेब सरळ होता: काळ्या राजानं प्याद्याच्या वाटेत येऊ नये.

हत्ती आणि एक प्यादं विरुद्ध नुसता हत्ती, यात बचाव करणाऱ्याचा राजा प्याद्यासमोर पोचला तर बरोबरी राखता येते, असं पुस्तकं सांगतात. पण घड्याळात मिनिटभर असताना, मागं पंधरा माणसं उभी असताना, तेराव्या वर्षी ती राखायची असते. तिनं पंचवीस-तीस सेकंद नुसती घालवली. मग काळा हत्ती उचलला आणि सी-6 वर ठेवला. शह.

मागं कुणीतरी “अरे!” म्हणालं, मी वळून बघितलं, तो गप्प झाला. हत्ती फुकट दिल्यासारखा दिसत होता. पण पांढऱ्याला दुसरी वाट नव्हती. राजा हलवला तर सी-8 वरचा त्याचाच हत्ती जातो. म्हणजे हत्तीनं हत्ती मारायचा, काळा राजा परत मारणार, आणि मग सी-4 वर पांढरा राजा, सी-6 वर काळा राजा, मध्ये एक रिकामं घर, आणि चाल पांढऱ्याची. राजासमोर राजा असा उभा राहिला की ज्याच्यावर चाल येते त्याला वाट सोडावी लागते. प्यादं सी-2 वर असतं तर त्यानं ते एक घर पुढं केलं असतं, चाल तिच्यावर गेली असती, वाट तिला सोडावी लागली असती आणि डाव तो जिंकला असता. पण ती शिल्लक चाल त्यानं वीस मिनिटांपूर्वीच खर्च केली होती, हात लावला म्हणून.

डिसेंबर 2024 मध्ये सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या चौदाव्या डावात डिंग लिरेननं 55 व्या चालीला हत्तीची अदलाबदल देऊ केली, आणि त्या एका चालीत गुकेश जगज्जेता झाला. हत्ती गेले, पाठोपाठ उंट बदलले गेले, उरलेला राजा-प्याद्यांचा डाव हरलेला होता. हत्ती बदलायचे की नाही, हा प्रश्न तिथं जगज्जेतेपद ठरवून गेला. पिरनवाडीत तोच प्रश्न एका अर्ध्या गुणासाठी आला होता. ते गणित आठवीतल्या मुलीनं अर्ध्या मिनिटात बरोबर सोडवलं, आणि ते मी जवळून बघितलं, हे मला फार मोठं वाटतं.

त्यानं हत्ती मारला. तिनं राजानं मारला. मग तो बराच वेळ पटाकडं बघत बसला. त्यालाही दिसलं असणार.

तरी तो थांबला नाही, आणि थांबायचं कारणही नव्हतं. समोरच्याला बरोबरी करता येते का हे खेळून बघण्याचा त्याला हक्क आहे. पांढरा राजा उजवीकडं, काळा राजा त्याच्या समोर. प्यादं सी-4, मग सी-5, मग शह देत सी-6. तिचा राजा सी-7 वर आला, पांढरा सी-5 वर, आणि आता तिला मागं जायचं होतं. डावीकडं किंवा उजवीकडं सरकला तर हरला. सरळ मागं, सी-8 वर गेला तरच वाचतो. तिच्या घड्याळात अठरा सेकंद होती. तिनं राजा सरळ मागं घेतला. त्यानं राजा तिरका पुढं आणला, ती समोर आली. प्यादं सी-7, शह. राजा पुन्हा सी-8. आणि त्यानं शेवटची चाल केली, राजा सी-6 वर. आता काळ्या राजाला शह नाही, पण हलायला एकही घर नाही. स्टेलमेट. अर्धा-अर्धा.

त्यानं हात पुढं केला. “छान खेळलीस गे बाळ.”

ती नुसती मान हलवून हसली. घाम आला होता तिला, एवढ्या पावसात.

निकालाच्या चिठ्ठीवर दोघांनी सह्या केल्या, मी वेळ लिहिली: 5:12. हॉलमधला शेवटचा डाव.

5:40

संगणकात निकाल भरले. गुण सारखे असलेल्यांची क्रमवारी प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांच्या बेरजेवरून लागते, तिला बुकोल्झ म्हणतात. हा हिशेब पालकांना पटवून देणं हे दिवसातलं शेवटचं अवघड काम. “आमच्या पोराचे पण साडेपाचच आहेत की, मग तो सातवा कसा?” वही उघडली, बोट ठेवून एकेक प्रतिस्पर्धी दाखवला. पटलं. एकाला पटलं नाही, त्यांना लेखी तक्रारीचा कागद दिला. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि पोराला घेऊन खुर्चीवर जाऊन बसले.

6:20

व्यासपीठावर बक्षीस समारंभ. गोव्याचा एक मुलगा पहिला आला, साडेसहा गुण. टाळ्या, फोटो, पुन्हा फोटो. मी मागच्या बाजूला घड्याळं बंद करून पेटीत भरत होतो, पट गुंडाळत होतो. प्रत्येक पिशवीत बत्तीस मोहरे आणि जादा दोन वजीर मोजून घालायचे असतात. एक प्यादं हरवलं की तो सेट पुढच्या वेळी निकामी.

19 नंबरचा पट मोकळा झाला नव्हता. मोल्डर आणि ती मुलगी अजून तिथंच होती, आणि तिचे वडील ओली छत्री धरून शेजारी उभे. खानापूरची बस थोड्या वेळात होती, पण तेही पटाकडंच बघत होते. मोल्डरनं पांढरा राजा सी-4 वर ठेवला, हत्ती सी-8 वर, तिचा राजा बी-6, हत्ती जी-6. सगळं होतं तसं. फक्त प्यादं उचलून सी-2 वर ठेवलं.

“हे इथं असतं तर?”

तिनं विचारही केला नाही. “तर मी हत्ती दिलाच नसता की, काका. बाजूनं शह देत बसले असते.”

तो खुर्ची पुढं ओढून बसला. “दे बघू.”